न बदलणाऱ्या नोंदी

‘ही माहिती एकदा लिहिली, आता ती बदलणार नाही’ हे सांगायला संगणकाच्या भाषेत स्वतंत्र सिंटॅक्स हवा का, यावर आमच्या व्यवसायात बरीच वर्षं वाद चालू आहे. काही जण म्हणतात, हवाच. काही म्हणतात, शिस्त आणि एखादी चांगली लायब्ररी असली की पुरे, भाषेचं व्याकरण उगाच वाढवू नये. मी डोंबिवलीत राहते, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये काम करते आणि नोकरीला लागल्यापासून बहुतेक काळ पैशांचे हिशोब ठेवणारी सॉफ्टवेअरं लिहीत आले आहे. या वादात मी पहिल्या बाजूची आहे. का, ते सांगायचं तर एका आवर्ती ठेवीपासून सुरुवात करावी लागेल.

२०११ च्या सुमारास डोंबिवली पूर्वेच्या एका पतपेढीच्या सॉफ्टवेअरची देखभाल आमच्या छोट्या कंपनीकडे आली. ते मूळचं दुसऱ्याच कुणी लिहिलेलं होतं. पतपेढीचे सभासद म्हणजे छोटे दुकानदार, एमआयडीसीतले कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, भाजीवाले. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून दहा, वीस, पन्नास रुपये गोळा करायचे. अशा ठिकाणी रुपयाचा हिशोब चुकला तर तो कुणाच्या घरात चुकतो हे लगेच दिसतं.

एका भाजीवाल्या मावशींनी मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी आवर्ती ठेव मुदतीआधी मोडली. हातात आलेली रक्कम त्यांना कमी वाटली. त्यांनी पिशवीतून सगळ्या हप्त्यांच्या पावत्या काढून काउंटरवर मांडल्या. पतपेढीच्या हिशोबनिसांना सगळेच काका म्हणत. काकांनी कागदावर व्याज काढलं. मावशींचं म्हणणं बरोबर होतं. संगणकाने त्यांना व्याज दिलंच नव्हतं.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की तेच खातं उघडून नुसतं व्याज काढलं तर आकडा बरोबर येई. आधी हप्त्यांचं वेळापत्रक छापलं आणि मग त्याच स्क्रीनवरून ठेव मोडली, तरच व्याज नाहीसं होई. प्रोग्रॅम जावात होता. खातं उघडल्याची तारीख एका ‘डेट’ वस्तूत ठेवलेली होती. वेळापत्रक छापणाऱ्या फंक्शनला तीच वस्तू मिळत होती. ते पहिली तारीख छापून त्या वस्तूतच एक महिना मिळवी, दुसरी छापून आणखी एक महिना, आणि असं करत शेवटच्या हप्त्यापर्यंत जाई. छपाई अचूक व्हायची. पण काम संपेपर्यंत खातं उघडल्याची तारीखच मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत जाऊन पोचलेली असायची. छपाई करणारं फंक्शन आणि व्याज काढणारं फंक्शन यांच्याकडे तारखेच्या दोन प्रती नव्हत्या. एकच तारीख होती आणि ती एकाने हलवली होती. दुसऱ्याच्या दृष्टीने खातं अजून उघडलेलंच नव्हतं, म्हणून व्याज शून्य.

तेरीज मात्र जुळत होती. न दिलेलं व्याज खर्चातही पडत नव्हतं आणि सभासदाच्या खात्यावरही पडत नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजू व्यवस्थित समान. मावशींनी पावत्या जपून ठेवल्या नसत्या तर हे कळलंच नसतं. आम्ही मागची मोडलेली सगळी खाती तपासली आणि पतपेढीने ज्याचं त्याचं व्याज परत केलं.

मला जास्त खुपलं ते पुढे. त्या तारखेच्या आधी ‘फायनल’ असा शब्द लिहिलेला होता. म्हणजे लिहिणाऱ्याला ती बदलू नये असं वाटत होतं. त्याने भाषेत उपलब्ध असलेला शब्द वापरलाही होता. पण जावातला फायनल एवढंच सांगतो की या नावाला दुसरी वस्तू जोडता येणार नाही. वस्तूच्या आत काय चाललं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, तेव्हापासून तिच्यातली डेट कुणालाही आतून बदलता येते. घराला कुलूप आहे आणि मागची भिंतच नाही, असा तो प्रकार.

तोडगा होता. जोडा-टाइम नावाची लायब्ररी तेव्हा मिळत असे. तिच्यातली तारीख एकदा तयार झाली की बदलत नाही. एक महिना मिळवला तर नवी तारीख हातात येते आणि जुनी होती तशीच राहते. आम्ही सगळ्या तारखा तिच्यावर नेल्या. पुढे ती लायब्ररी लिहिणारे स्टीफन कोलबर्न यांच्याच पुढाकाराने २०१४ च्या जावा ८ मध्ये तारखांचा नवा संच आला आणि तोही याच तत्त्वावर बांधलेला आहे. जावातली स्ट्रिंग तर पहिल्यापासून न बदलणारी. म्हणजे नव्या सिंटॅक्सचं एक अक्षरही न घालता न बदलणाऱ्या गोष्टी बनवता येतात. हे उदाहरण माझ्या विरुद्ध पक्षाच्या उपयोगाचं आहे आणि ते खरं आहे. तारीख, रक्कम, नाव अशा आटोपशीर गोष्टींना लायब्ररी पुरते. अडचण येते ती या गोष्टी एकत्र करून आपण खातं बनवतो, खात्यांची यादी बनवतो, तिथे. ती घडण दर प्रोग्रॅममध्ये वेगळी असते, म्हणून ती कुठल्याच लायब्ररीत आयती मिळत नाही.

त्याच पतपेढीत काकांनी मला दुसरी गोष्ट दाखवली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरच्या स्क्रीनवर ‘दुरुस्ती’ असं बटण होतं. आकडा चुकला की बटण दाबा, नवा आकडा टाका, साठवा. मागचा आकडा कुठेच राहत नसे. काकांची पहिली मागणी ते बटण काढून टाका ही होती. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस आहे.

“अगं, छापून सही झालेल्या व्हाउचरला हात लावायचा नसतो,” ते म्हणाले. “चुकलं तर उलट नोंद घालायची, खाली कारण लिहायचं आणि बरोबर नोंद परत करायची. ऑडिटर आला की आकड्यांच्या आधी खाडाखोड बघतो.”

मग त्यांनी कपाटातून संगणकाच्या आधीच्या काळातली रोजकीर्द काढली. पानांमागून पानं शाईने भरलेली. चुकीच्या नोंदी होत्या, पण पुसलेली एकही नव्हती. प्रत्येक चुकीच्या पुढे काही दिवसांनी तिची उलट नोंद, पान क्रमांकासह. ते वाचताना पतपेढीत कोणत्या दिवशी काय समजलं होतं हेसुद्धा कळत होतं. अमुक तारखेपर्यंत ही रक्कम अमक्या खात्यावर आहे असंच सगळे धरून चालले होते आणि त्या समजुतीवर एक कर्जही मंजूर झालं होतं. नोंद पुसली असती तर ते कर्ज पुढे वेडेपणाचं वाटलं असतं.

ही पद्धत काकांची नाही आणि पतपेढीचीही नाही. दुहेरी नोंदीची रीत व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोलीच्या पुस्तकात छापली गेली आणि आपल्याकडे पेशवे दफ्तरातल्या रोजकिर्दी दिवसागणिक लिहिल्या जात होत्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून काढलेल्या निवडक उताऱ्यांवर अभ्यासकांना इतकी वर्षं काम करता आलं, ते त्या दिवसाची नोंद त्या दिवशीच्या जागी राहिली म्हणूनच.

आम्ही दुरुस्तीचं बटण काढलं. डेटाबेसमध्ये खतावणीच्या तक्त्यावरचा बदलण्याचा आणि पुसण्याचा अधिकार प्रोग्रॅमकडून काढून घेतला. त्याला फक्त नवी ओळ घालता येईल असं केलं. कर्मचाऱ्यांनी आरडाओरडा केला, साहजिकच होता, कारण एका क्लिकच्या जागी तीन पायऱ्या आल्या. काका त्यांच्याशी बोलले. महिन्या-दीड महिन्याने आवाज थांबला.

याच गोष्टीला नंतर देशाच्या कायद्यातही जागा मिळाली. कंपनी कायद्याखालच्या हिशोबाच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि दोनदा पुढे ढकलून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपनी जे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरते त्यात प्रत्येक व्यवहाराच्या प्रत्येक बदलाचा माग तारखेसह राहिला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला अहवालात त्यावर मत द्यावं लागतं. पतपेढ्या सहकार कायद्याखाली येतात, त्यामुळे त्यांना हा नियम लागत नाही. पण वागळे इस्टेटमधल्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यांना लागतो, आणि २०२३ च्या त्या मार्च महिन्यात आमच्याकडे लोक अक्षरशः रांगेने आले. ‘बदल करता येतो, पण माग बंद करता येत नाही’ हे त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये बसवताना आम्हाला काय काय उचकटावं लागलं! रक्कम शंभर ठिकाणांहून बदलता येत असेल तर माग ठेवणारी ओळही शंभर ठिकाणी घालावी लागते, आणि एकशेएकावं ठिकाण राहिलं नाही ना, हे कंपायलर सांगत नाही.

हे काम चालू असतानाच सासरच्या जमिनीच्या वारस नोंदीसाठी मला कल्याण तालुक्यातल्या एका गावी तलाठी कार्यालयात जावं लागलं. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या मागे असलेला गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, सहसा कुणी बघत नाही. मी ती पहिल्यांदाच नीट बघितली आणि तिथे बराच वेळ बसले. सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवतो. ती तिथवर कशी आली ते फेरफार नोंदवहीत असतं: खरेदी, वारस, वाटणी, बोजा चढला, बोजा उतरला. प्रत्येकाला क्रमांक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १५० नुसार तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. त्यानंतर सातबारावर नाव लागतं आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. जुन्या माणसाचं नाव पुसत नसत, त्याला कंस करत असत. लेखनातली चूक सुधारायची तर कलम १५५ आहे, पण त्या सुधारणेचाही फेरफार होतो. पणजोबांचं नाव कंसात होतं, आजेसासऱ्यांचं कंसात होतं, आणि क्रमांक धरून मागे गेलं की कुणाकडून काय आलं ते वाचता येत होतं.

सातबारे संगणकावर आले तेव्हा हस्तलिखित आणि टंकलेखन यांचा मेळ घालायला मोठी खटपट करावी लागली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. सातबारे मोठ्याने वाचून लोकांकडून चुका काढून घेतल्या गेल्या. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. पण संगणक आला म्हणून फेरफाराचा क्रम मोडला नाही.

तलाठी कार्यालयाच्या त्या बाकावर मला जे दिसलं ते आजही माझं या विषयावरचं मत आहे. या पद्धतीत, तसंच काकांच्या रोजकिर्दीत, न बदलण्याला काही करावं लागत नाही. नोंद झाली, ती राहिली. बदल करणाऱ्याला मात्र अर्ज, नोटीस, क्रमांक, कारण, सही हे सगळं लागतं. खूण बदलावर पडते. आम्ही वापरत होतो त्या भाषांमध्ये हे बरोबर उलट होतं. बदलायला काहीच लागत नव्हतं, आणि न बदलण्यासाठी फायनल लिहा, प्रत काढा, लायब्ररी आणा, कोड तपासताना डोळ्यात तेल घाला.

ठाण्यातल्या आताच्या कचेरीत माझ्यासोबत कल्याणहून येणारा एक सहकारी आहे. हुशार मुलगा, माझ्यापेक्षा बराच लहान. त्याचा आणि माझा हा वाद रोड नंबर १६ च्या चहाच्या टपरीवर कितीतरी वेळा झाला आहे. तो विरुद्ध पक्षाचा आणि त्याचं म्हणणं कच्चं नाही.

“ताई, सिंटॅक्स वाढवला की भाषा जड होते,” तो म्हणतो. “शिकायला आणखी एक गोष्ट. वस्तू बदलू नका हा नियम टीमने पाळला की झालं. कोड आपोआप तपासणारा लिंटर लावा, तो पकडेल.”

त्याला मी दाखवलं ते भिवंडीच्या गोदामांतून माल उचलणाऱ्या एका वाहतूकदाराच्या बिलांचं काम. स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये, रिअ‍ॅक्टवर. बिलातल्या एका ओळीचा दर बदलला तरी बेरीज जुनीच दिसे. पान पुन्हा उघडलं की बरोबर येई. रिअ‍ॅक्टला नवं काही घडलं हे कळतं ते नवी वस्तू मिळाली तर. इथे जुन्याच यादीतला दर आतल्या आत बदलला जात होता, त्यामुळे त्याच्या लेखी काहीच घडलेलं नव्हतं. आणि ती यादी ‘कॉन्स्ट’ लिहून घोषित केलेली होती! २०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये आलेला हा शब्द नेमका फायनलसारखाच आहे. नाव पक्कं, आतला माल मोकळा. नवीन मुलं कॉन्स्ट वाचतात आणि निर्धास्त होतात.

ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ २००९ पासून आहे, पण ते वरचा एकच थर गोठवतं. बिल गोठतं, बिलातल्या ओळींची यादी मोकळी राहते. मग फेसबुकने काढलेली इम्म्युटेबल-जेएस वापरून बघितली. ती पक्की आहे. पण तिच्या वस्तू भाषेच्या साध्या वस्तूंसारख्या वागत नाहीत; प्रत्येक ठिकाणी गेट आणि सेट लिहायचं, आणि दुसऱ्या लायब्ररीकडे माल द्यायचा तर आधी त्याचं साध्या वस्तूत रूपांतर. त्या सीमेवर कुणीतरी रूपांतर विसरतं आणि हमी तिथेच संपते. इमर त्या मानाने सोयीची, आम्ही आजही ती वापरतो. ती तुम्हाला कच्चा खर्डा देते, त्यात हवे ते बदल करा, शेवटी ती नवी गोठलेली वस्तू बांधून देते. तरीही ती वापरायची की नाही, हे लिहिणाऱ्याच्या आठवणीवरच अवलंबून.

म्हणून जावास्क्रिप्टच्या समितीपुढे रेकॉर्ड आणि टपल यांचा प्रस्ताव आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कंसाच्या आधी हॅशचं एक चिन्ह द्यायचं, की ती वस्तू आतपर्यंत न बदलणारी. तिच्या पोटात बदलणारी वस्तू ठेवताच येणार नाही. आणि दोन रेकॉर्डमधली माहिती सारखी असेल तर ते दोन्ही समान मानले जातील. २०२० मध्ये तो दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेला. तिथे वर्षानुवर्षं थांबला आणि एप्रिल २०२५ मध्ये मागे घेतला गेला. भाषेत नवा मूलभूत प्रकार आणायचा म्हणजे ब्राउझरच्या इंजिनांमध्ये सगळीकडे हात घालावा लागतो, आणि साध्या बरोबरीच्या चिन्हामागे अख्ख्या माहितीची तुलना लपली तर तिचा वेग राखणं अवघड. हा भार इंजिनं लिहिणाऱ्यांना झेपेल असं वाटलं नाही.

“बघा,” माझा सहकारी म्हणाला, “एवढ्या मोठ्या लोकांनाही जमलं नाही. म्हणजे गरज नव्हती.”

मला तसं वाटत नाही. त्या प्रस्तावाने दाखवलं ते एवढंच की बदलण्यावर उभ्या राहिलेल्या भाषेत न बदलणं मागाहून बसवायचं तर फार महागात पडतं. जिथे सुरुवातच वेगळी झाली तिथे हा खर्च नाही. रिच हिकी यांनी २००७ मध्ये क्लोजर आणली. तिच्यात यादी म्हटलं की ती न बदलणारीच. तिच्यासाठी खास चिन्ह नाही, कारण तीच नेहमीची आहे. बदलणारी जागा हवी असेल तर ‘अ‍ॅटम’ असं सांगून मागावी लागते. पुण्यातली हेल्पशिफ्ट क्लोजरमध्ये काम करते हे कळल्यावर मी ती भाषा शिकायला घेतली. रस्टमध्ये ‘लेट’ म्हटलं की नाव पक्कं. बदलायचं तर ‘म्यूट’ हा शब्द लिहावा लागतो. कोड वाचताना नजर त्या एका शब्दावर थांबते आणि बाकीच्या ओळी विश्वासाने वाचता येतात. कोटलिन, स्विफ्ट यांनी अर्धी वाट धरली: दोन्हींना सारखेच छोटे शब्द. कोटलिनमध्ये पिग्मी एजंटांचं अ‍ॅप लिहिताना व्हॅल आणि व्हार यांतला फरक मुलांना पहिल्याच दिवशी कळला. कोटलिनची नुसती ‘लिस्ट’ मात्र वाचण्यापुरती असते. मागून दुसरं कुणी तिला बदलू शकतं, हे शिकवायला जरा वेळ गेला.

प्रत्येक बदलाला नवी प्रत म्हणजे मेमरीचा सत्यानाश, ही शंका टपरीवर नेहमी निघते. तिचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. फिल बॅगवेल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या झाडावर क्लोजरने आपल्या याद्या बेतल्या. लाखभर सभासदांची यादी सलग न ठेवता बत्तीस-बत्तीस घरांच्या कप्प्यांत ठेवायची, वर त्या कप्प्यांचे पत्ते सांगणारे कप्पे, त्यांच्यावर आणखी. तीन पातळ्यांत ३२,७६८ नोंदी मावतात, चार पातळ्यांत १०,४८,५७६. म्हणून लाखाला चार पातळ्या पुरतात. एका सभासदाचा पत्ता बदलला तर मुळापासून त्याच्यापर्यंतचे चारच कप्पे नवे बांधायचे. बाकी सगळी यादी जुन्या आणि नव्या दोघींमध्ये सामायिक, कारण ती बदलणार नाही याची खात्री आहे. ती खात्री नसती तर हे सामायिक ठेवणं म्हणजे पतपेढीतली ती तारीखच झाली असती.

बदल कुठेच नको असं मी म्हणत नाही. काकांच्या टेबलावर पेन्सिल असायचीच. दिवसभराची रोकड मोजताना, बेरजा लावताना, डे-एंड होईपर्यंत आकडे खोडले जायचे, वरखाली व्हायचे. शाई लागायची ती मेळ बसल्यावर. फंक्शनच्या आत एखादी यादी भरायची, क्रमाने लावायची, तर ती बेलाशक बदलावी. बाहेर कुणी बघत नाही. चित्रांवर किंवा मोठ्या सारण्यांवर काम करणाऱ्यांना तर जागच्या जागी बदलल्याशिवाय वेगच मिळत नाही. मला सीमा हवी आहे, आणि ती माझ्या डोक्यात असून भागत नाही. ती लिहिलेली दिसली पाहिजे. शिस्त असते ती त्या खोलीत बसलेल्या माणसांची. पतपेढीचं मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही शिस्त होती. फायनल लिहिलं होतं त्यांनी. ते गेले, आम्ही आलो, उद्या दुसरे येतील. त्यांच्यापर्यंत पोचतं ते फक्त कोडमध्ये लिहिलेलं.

सध्या आमचं हिशोबाचं मूळ काम जावा २१ मध्ये आहे. जावात २०२१ च्या मार्चमध्ये ‘रेकॉर्ड’ पक्के झाले. पाच-पन्नास ओळींच्या जागी एक ओळ, बरोबरीची तुलना आपोआप, आतली माहिती बदलणारे सेटर नाहीत. व्हाउचर, खातं, हप्ता हे सगळं आम्ही रेकॉर्डमध्ये लिहितो. गंमत म्हणजे यासाठी माझ्या सहकाऱ्याला पटवावं लागलं नाही. एक ओळ लिहून काम होतं म्हटल्यावर त्याने आपणहून जुने क्लास बदलायला घेतले. सोपी वाट भाषेने बरोबर दिशेला काढून दिली की माणसं त्या वाटेने जातात, एवढंच माझं इतकी वर्षं म्हणणं होतं. त्याला अजून वाटतं की हे लिंटरने झालं असतं. सेटर दिसला की कारण विचारणारा नियम त्याने लिंटरमध्ये घातला आहे, आणि तो उपयोगी आहे हे मीही मान्य करते.

पण जावाचा रेकॉर्डही एकच थर सांभाळतो. व्हाउचरचा रेकॉर्ड पक्का, त्याच्या पोटातली ओळींची यादी बाहेरून दिली असेल तर देणारा ती नंतरही बदलू शकतो. म्हणून यादी असलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आम्ही लिस्ट डॉट कॉपीऑफ लिहितो, म्हणजे यादीची न बदलणारी प्रत आत जाते. ती ओळ राहिली तर कंपायलर काही बोलत नाही. ही हमी भाषेने स्वतः घ्यावी, अशी माझी जावा घडवणाऱ्यांकडे मागणी आहे. तोवर ती ओळ दर वेळी हाताने लिहायची आणि रिव्ह्यू करणाऱ्याने ती आहे ना ते दर वेळी बघायचं, असं आमच्याकडे चाललं आहे.